सपाट विणकाम मशीनवर मोज्यांचा पहिला जोड

विणकाम मशीनवर स्वेटर होतो, मफलर होतो, बाळाची टोपी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. मोज्याचं नाव काढलं की मात्र हमखास प्रश्न येतो, "ते तर गोल मशीनवर करतात ना?" कारखान्यातले मोजे गोल मशीनवर निघतात हे खरं. पण विणकामाचं पहिलं यंत्र, इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी १५८९ मध्ये केलेलं, ते मोजे विणण्यासाठीच होतं आणि ते सपाट कापडच विणायचं. कापड विणता विणता आकार द्यायचा, मग ते दुमडून कडेने शिवायचं. घरच्या सपाट मशीनवर आपणही तेच करणार आहोत.

तेव्हा आधी डोक्यातून नळी काढून टाका. आपला मोजा म्हणजे एक लांबट पट्टी. तिच्या अर्ध्या रुंदीवर दोन ठिकाणी वाटीसारखा खोलगट भाग विणायचा. पहिला टाचेचा, दुसरा बोटांचा. पट्टी मधोमध दुमडली की एक अर्धं तळव्याखाली जातं, दुसरं पावलावर येतं. बोटांपाशी जोड आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत शिवण, झाला मोजा. हे दोन्ही खोलगट भाग अगदी एकाच पद्धतीने होतात. म्हणून माझं सांगणं असं की मोजा विणायला बसण्याआधी फक्त टाच विणायला बसा. ती हातात बसली की बाकी सगळी सरळ वीण आहे.

मशीन

हा लेख एका बेडच्या, म्हणजे सुयांची एकच रांग असलेल्या, ४.५ मिलिमीटर अंतरावर २०० सुया असलेल्या मशीनसाठी आहे. ब्रदर आणि सिल्व्हर रीड या जपानी कंपन्यांची घरगुती मशीनं बहुतेक याच मापाची. पंचकार्डाचं, म्हणजे नक्षीसाठी भोकांचं कार्ड घालायचं, असेल तरी चालेल, कार्डाची गरज नाही. ९ मिलिमीटरच्या जाड मशीनवर जाड लोकरीचे घरात घालायचे मोजे छान होतात, बुटात घालायचे नाही.

ब्रदरने घरगुती विणकाम मशीनं बनवणं कधीच बंद केलं आहे, त्यामुळे बाजारात दिसतात ती सगळी जुनी. कुणाच्या तरी माळ्यावर पंचवीस-तीस वर्षं पडून असलेलं मशीन मिळालं तर आनंदाने घ्या, पण लगेच लोकर चढवू नका. बेडच्या पुढच्या बाजूला सुयांवरून एक लांब धातूची पट्टी आडवी जाते. ती एका टोकाने सरकवून बाहेर काढता येते. तिच्या आत स्पंजची पट्टी असते. सुया बेडवर दाबून धरायचं काम तिचं. वर्षानुवर्षं दबून हा स्पंज चपटा होतो, कधी त्याचा चिकट चुरा झालेला असतो. एक सुई पुढे ओढा आणि बोटाने वर उचलून बघा. ती सैल डुगडुगली तर स्पंज गेला असं समजा. तसंच विणायला घेतलं तर टाके सुटतात, कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकवायचा भाग, अडकतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. नवी पट्टी विकत मिळते, किंवा त्याच जाडीचा स्पंज कापून जुना काढून चिकटवता येतो. एवढ्या एका दुरुस्तीने "बिघडलेली" म्हणून टाकलेली कितीतरी मशीनं चालू होतात.

मग सुया बघा. सुईच्या टोकाला आकडा असतो आणि त्याच्यामागे बिजागरीवर हलणारी छोटी जीभ. प्रत्येक जीभ मोकळी उघडझाप झाली पाहिजे. वाकडी किंवा अडकणारी सुई मधल्या साठ-सत्तर सुयांत असेल तर कडेची चांगली सुई काढून तिथे बसवा. मोज्याला दोनशे सुया लागतच नाहीत. शिलाई मशीनचं तेल कापडावर घेऊन कॅरेजच्या खालच्या बाजूला आणि ते ज्यावरून धावतं त्या पट्ट्यांवर पुसा. थेंब ओतू नका, पहिल्या मोज्यावर डाग पडतील.

टेबल जड हवं. मशीन मीटरभराहून लांब असतं आणि कॅरेज फिरवताना हलकं टेबल सरकतं.

लोकर

मोज्यांसाठी म्हणून जी लोकर मिळते तिच्यात साधारण ७५ टक्के ऊन, म्हणजे मेंढीची खरी लोकर, आणि २५ टक्के नायलॉन असतं. १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास. ४.५ च्या मशीनला ती अगदी नेमकी. १०० ग्रॅममध्ये बाईमाणसाच्या मापाचा एक जोड होऊन थोडी उरते. निव्वळ ऊन टाचेला लवकर विरतं, नायलॉन त्यासाठीच घातलेलं असतं.

आपल्याकडच्या दुकानांत मुख्यतः ॲक्रिलिक मिळतं. शिकायला ते उत्तम, स्वस्त आहे आणि उसवून परत विणता येतं. पण पायाला घाम येतो आणि फरशीवर घसरायला होतं. घ्यायचंच तर तीन किंवा चार प्लायचं बारीक घ्या. "डबल निटिंग" नावाने मिळणारी जाड लोकर या मशीनच्या प्रत्येक सुईवर बसत नाही. कॅरेज कष्टाने सरकायला लागलं की लोकर जाड आहे हे ओळखा.

लड असो की गोळा, आधी वाइंडरवर गुंडाळून घ्या, म्हणजे दोरा मधून सैल येईल. हाताने गुंडाळलेला गोळा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला एक टाका घट्ट होतो.

याशिवाय वेगळ्या ठळक रंगाची थोडी टाकाऊ लोकर हवी, तिच्याच जाडीची आणि गुळगुळीत. एक मीटरभर नायलॉनचा दोरा. तीन-चार आकड्यांची वजनं. एक दाती आणि दोन दाती टाके-बदली टूल, लॅच हुक, आणि बोथट टोकाची शिवायची सुई.

नमुना आणि हिशोब

नमुना टाळू नका. स्वेटर दोन सेंटिमीटरने मोठा झाला तर कुणाला कळत नाही, मोजा बुटात लगेच टोचतो.

कॅरेजवरचा टेन्शन डायल, टाका किती घट्ट ते ठरवणारा, ६ वर ठेवून साठ टाक्यांचा तुकडा विणा. मधल्या ४० टाक्यांच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण बांधा. टाकाऊ लोकरीच्या दोन ओळी, मग मोज्याच्या लोकरीच्या ६० ओळी, परत टाकाऊच्या दोन. मशीनवरून उतरवा, धुवा, वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी मोजा. मशीनवरून नुकताच उतरलेला तुकडा वजनाने ताणलेला असतो, त्याचं माप खरं नसतं. हाताला कापड थोडं घट्ट आणि भरीव लागलं पाहिजे. सैल वाटलं तर डायल अर्ध्याने खाली आणून नवा तुकडा करा. सैल विणीचे मोजे पायाला मऊ लागतात, पण टिकत नाहीत.

समजा १० सेंटिमीटरला २८ टाके आणि ४० ओळी आल्या. म्हणजे सेंटिमीटरला २.८ टाके, ४ ओळी. आता पाय मोजा. चवड्याचा घेर २३ सेंटिमीटर, टाचेपासून अंगठ्यापर्यंत लांबी २४.

मोजा पायापेक्षा लहान हवा, तरच अंगाला बसतो. घेरात दहा टक्के वजा करा. २३ चे झाले २०.७. त्याला २.८ ने गुणलं की ५८ टाके. शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका जातो, म्हणून दोन वाढवा. ६० टाके.

टाक्यांची संख्या सहाच्या पाढ्यातली घ्या. ५४, ६०, ६६, ७२. दोनने भाग जायला हवा कारण अर्ध्यावर टाच येते आणि तीनने जायला हवा कारण वरच्या पट्टीची रिब, म्हणजे उभ्या रेघांची ताणणारी वीण, तीन-तीन सुयांच्या गटाची आहे. हिशोबात ६४ आले तर ६६ धरा.

लांबीतून दीड सेंटिमीटर वजा करा. राहिले २२.५. टाच साधारण ५ सेंटिमीटर लांबी खाते, बोटंही तितकीच. उरलेले १२.५ सेंटिमीटर म्हणजे ५० ओळी. टाच ते बोटं यांच्यामधला सरळ भाग तो हा. पुरुषाचा पाय घ्या, घेर २५, लांबी २६.५. टाके येतात ६५, धरायचे ६६. टाच आणि बोटं साडेपाच-साडेपाच सेंटिमीटर, मधल्या ओळी ५६. हिशोब कागदावर लिहून मशीनच्या कडेला चिकटवून ठेवा.

पुढचं सगळं ६० टाक्यांच्या मोज्यासाठी लिहिते आहे. मशीनच्या मध्यापासून डावीकडे ३० सुया, उजवीकडे ३०.

आधी नुसती टाच

ॲक्रिलिकचे ६० टाके घाला, वीस ओळी विणा, कॅरेज उजवीकडे आणून थांबा. आता सुया कुठल्या जागेवर ठेवायच्या ते समजून घेऊ. सगळ्यात मागे ढकललेली सुई विणत नाही. तिच्या पुढची जागा नेहमीच्या कामाची. सगळ्यात पुढे ओढलेली सुई म्हणजे होल्ड. तिच्यावरचा टाका तसाच थांबून राहतो, कॅरेज तिच्यावरून नुसतं जातं. अर्थात कॅरेजवरचा होल्डचा खटका चालू असेल तरच. ब्रदरवर या जागा ए, बी, डी, ई अशा आहेत आणि होल्ड म्हणजे ई. सिल्व्हर रीडवर ए, बी, सी, डी आणि होल्ड म्हणजे डी. मधल्या गोंधळात न पडता पुस्तिकेत एकदा बघून ठेवा.

कॅरेजला होल्ड लावा. डावीकडच्या तिसाही सुया पुढे ओढून होल्डमध्ये ठेवा. आता काम फक्त उजव्या तिसांवर. मध्याजवळची सुई क्रमांक १, अगदी कडेची ३०.

कॅरेज उजवीकडे आहे. त्याच्या समोरच्या टोकाची, म्हणजे १ नंबरची सुई होल्डला ओढा. कॅरेज डावीकडे न्या. दोरा आता १ नंबरच्या सुईपाशी आला. त्या सुईच्या खालून दोरा घ्या. हाच तो वेढा. हा घेतला नाही तर तिथे भोक राहतं. मग पुन्हा कॅरेजच्या समोरची, आता ३० नंबरची सुई होल्डला ओढा, कॅरेज उजवीकडे आणा, ३० च्या खालून दोरा घ्या. नंतर २, मग २९, मग ३, मग २८. नियम एकच आहे. सुई ओढायची ती नेहमी कॅरेजच्या समोरच्या टोकाची. विणून झाल्यावर त्याच सुईखालून दोरा.

वीस ओळी झाल्या की मधल्या दहाच सुया कामावर राहतात, ११ ते २०. कॅरेज उजवीकडे.

आता उलटा प्रवास. कॅरेजच्या समोरची, होल्डमधली सगळ्यात आतली सुई, म्हणजे १०, कामाच्या पुढच्या जागेवर ढकला, ब्रदरवर डी, सिल्व्हर रीडवर सी. कॅरेज डावीकडे न्या, ती सुई विणली जाईल. तिच्या शेजारच्या ९ नंबरच्या सुईखालून दोरा घ्या. मग २१ आत, विणा, २२ च्या खालून दोरा. असं करत वीस ओळींनी तिसाही सुया कामावर येतात. कॅरेज पुन्हा उजवीकडे असतं. नसलं तर मध्ये कुठेतरी ओळ चुकली आहे. उसवण्याआधी दोन्ही बाजूंच्या होल्डमधल्या सुया मोजा, चूक कुठे झाली ते लगेच कळतं.

एवढ्या चाळीस ओळींत तीन गोष्टींकडे सतत लक्ष लागतं आणि नवशिक्यांच्या टाचा याच तीन गोष्टींपायी फसतात.

पहिली वजनाची. टाच वाढत जाते, आजूबाजूचं कापड तिथेच राहतं. खाली टांगलेलं वजन टाचेच्या टाक्यांपर्यंत पोचतच नाही. टाके सुयांवर वर चढतात आणि सुटतात. म्हणून दोन लहान वजनं थेट टाचेच्याच कापडाला, विणत्या सुयांच्या अगदी खाली लावा आणि दर चार-सहा ओळींनी वर घेत जा. वजन कमी असेल तर डाव्या हाताने कापड खाली ओढून धरा. होल्डमधल्या सुयांवरचे टाकेही पुढे सरकतात. ते बोटांनी बेडकडे मागे दाबत राहा.

दुसरी सैल दोऱ्याची. थोड्याच सुया विणायच्या असल्याने दोरा कमी लागतो आणि कॅरेजपाशी फुगा होतो. त्या फुग्यातून कडेला लोंबता फास तयार होतो. ओळ सुरू करण्याआधी मागच्या मास्टपाशी, म्हणजे दोरा वरून आणणाऱ्या उभ्या दांड्यापाशी, दोरा खाली ओढून ताणून घ्या. मास्टवरची तार वाकलेली दिसली म्हणजे ताण बरोबर आहे.

तिसरी कॅरेजची. ते शेवटच्या विणत्या सुईच्या जरा पलीकडेच न्यायचं, आवाज आला की परत. बेडच्या टोकापर्यंत नेण्याची गरज नाही. अर्ध्यात मात्र कधीही मागे फिरवू नका. अडकलं तर जोर लावू नका, कॅरेज उचलण्याचा खटका दाबून ते वर काढा, अडकलेली सुई सोडवा.

टाच झाली की होल्डचा खटका बंद करा आणि सगळ्या ६० सुयांवर विणायला लागा. मध्यावर, उजव्या १ आणि डाव्या १ या सुयांच्या मध्ये, एक भोक दिसेल. पहिलीच ओळ विणण्याआधी एक दाती टूलने शेजारच्या टाक्याच्या पायातला एक फास उचलून १ नंबरच्या सुईवर टाका. भोक बुजतं.

दहा-बारा ओळी विणून उतरवा आणि आत बोटं घालून बघा. दोन्ही तिरप्या रेषा सारख्या दिसल्या आणि त्यांच्यात भोकं नसली, की खऱ्या मोज्याला हात घालायला हरकत नाही.

वरची पट्टी

एका बेडवर खरी रिब आपोआप होत नाही. दुसरा बेड, म्हणजे रिबर, जोडला असेल तर होते, पण नवख्याने एकाच वेळी दोन बेडांशी झगडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खोटी रिब पुरेशी ताणते आणि दिसतेही नीट.

साठ सुयांचे तीन-तीनचे गट पाडा. प्रत्येक गटातली मधली सुई मागे ढकला. चाळीस सुया कामावर राहिल्या. मधलीच का, तर दोन्ही कडांना विणती सुई येते आणि शिवायला नीट कड मिळते.

या चाळीस सुयांना टाकाऊ लोकरीचा एकेक वेढा घालून आठ-दहा ओळी विणा. पहिल्या दोन ओळींनंतर वजनं लावा. मग नायलॉनच्या दोऱ्याची एक ओळ. आता मोज्याची लोकर घाला, शेपूट हातभर सोडा. ओळींचा आकडा शून्यावर आणा, डायल दोन अंकांनी घट्ट करा, म्हणजे ६ चा ४, आणि चाळीस ओळी विणा.

मग मागे ढकललेल्या वीस सुया कामावर आणा. मोज्याच्या लोकरीची अगदी पहिली ओळ शोधा, नायलॉनच्या दोऱ्याला लागून असते ती. तिच्यातला एकेक फास टूलने उचलून सुयांवर चढवा. विणलेल्या सुईवर टाक्याचा फास, रिकाम्या सुईवर मधला लांब धागा. पट्टी दुमडून दुहेरी झाली. डायल ८ वर ठेवून एकच ओळ विणा, कारण दोन थर एकदम ओढायचे असतात. मग डायल ६ वर. नायलॉनचा दोरा एका टोकाने सरळ ओढून काढा, टाकाऊ लोकर सुटून हातात येईल. पट्टीची उंची चार-साडेचार सेंटिमीटर होते.

पाय, टाच, पाऊल, बोटं

आकडा पुन्हा शून्यावर. पन्नास ओळी सरळ विणा. जास्त उंच मोजा हवा असेल तर इथे वाढवा, पण पोटरीपर्यंत न्यायचा असेल तर टाके वाढवून सुरुवात करून कमी करत यावं लागतं. पहिल्या जोडाला तो घोळ नको. ओळींची संख्या कितीही असो, टाच सुरू करताना कॅरेज उजवीकडे हवं.

टाच उजव्या अर्ध्यावर, वर सांगितली तशीच. झिजेची काळजी असेल तर टाचेपुरता बारीक नायलॉनचा दोरा लोकरीबरोबर सोडा.

मग ६० सुयांवर पावलाच्या पन्नास ओळी.

बोटांसाठी पुन्हा डाव्या तिसा होल्डला आणि उजव्या तिसांवर टाचेचीच चाळीस ओळींची कृती. झाल्यावर मोज्याची लोकर मीटरभर शेपूट ठेवून कापा. होल्ड बंद करा, सगळ्या ६० सुयांवर टाकाऊ लोकरीच्या आठ-दहा ओळी विणा आणि मोजा मशीनवरून उतरवा.

दुसऱ्या मोज्याला टाच आणि बोटं डाव्या अर्ध्यावर करा, म्हणजे शिवण उलट बाजूला जाते. दोन्ही शिवणी पावलांच्या बाहेरच्या अंगाला येतात. एकाच बाजूला केली तर एका पायाची शिवण आतल्या घोट्यावर घासते. यासाठी टाच सुरू करताना कॅरेज डावीकडे लागेल. पायाची एक ओळ जास्त विणली की झालं. बाकी सगळं आरशात बघितल्यासारखं. ही गोष्ट कृतींमध्ये बऱ्याचदा सांगितलेली नसते आणि मग जोडातला एक मोजा कायम टोचतो.

बोटांचा जोड

हातविणीवाले इथे सुईने टाक्याला टाका सांधतात. जोड अजिबात दिसत नाही, शिकून घेण्यासारखं आहे. पण पहिल्या जोडाला मशीनवरच जोडा.

मोजा उलट बाजू बाहेर ठेवून मधोमध दुमडा. सुलट बाजू आतल्या आत एकमेकींना लागल्या पाहिजेत. पावलाच्या वरच्या अर्ध्याचे तीस टाके मशीनकडे, बोटांच्या वाटीचे तीस टाके तुमच्याकडे. आधी पावलाचे टाके तीस सुयांवर चढवा, त्याची सुलट बाजू तुमच्याकडे येईल. मग त्याच सुयांवर बोटांचे टाके चढवा, त्यांची उलट बाजू तुमच्याकडे. प्रत्येक सुईवर दोन टाके झाले. टाकाऊ लोकर अजून काढायची नाही, ती टाके धरून ठेवते.

डायल १० वर ठेवून शेपटाची एक ओळ विणा. मग टूलने पहिला टाका शेजारच्या सुईवर टाकायचा, दोन्हींतून दोरा ओढायचा, असं करत सैलसर बंद करा. घट्ट बंद केलं तर बोटांवर दोरीसारखी कड येते. सगळं झालं की टाकाऊ लोकर उसवून काढा.

शिवण

सुलट बाजू वर करून दोन्ही कडा शेजारी ठेवा. कडेच्या पहिल्या टाक्याच्या आत आडव्या दांड्या दिसतात, शिडीच्या पायऱ्या असाव्यात तशा. एका बाजूची एक दांडी, दुसऱ्या बाजूची एक, असं आलटून पालटून सुई घाला. पाच-सहा सेंटिमीटर झालं की दोरा ओढा, कडा आपोआप आत वळतात. बोटांपासून सुरू करून वरच्या पट्टीपर्यंत या. टाचेपाशी सावकाश जा. तिथे टाचेच्या वाटीच्या स्वतःच्याच दोन कडा आधी जुळल्या पाहिजेत, टाचेची कड पायाच्या कडेला ओढून लावायची नाही. पट्टीच्या दुहेरी कापडाला दोन्ही थर धरून शिवा. फार खेचू नका, शिवण मोज्याइतकीच ताणली गेली पाहिजे.

शेपटं आतल्या बाजूने लपवा, गाठी मारू नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवा. पहिल्या धुण्यात टाके एकमेकांत बसतात आणि टाचेच्या रेषा बऱ्याच सरळ होतात.

घरात घालायचे जाड मोजे

याच आखणीत जाड मोजेही होतात. एक सुई सोडून एक, अशा सुयांवर जाड लोकर चढते. टाके जवळपास निम्मे होतात, पण अंदाजाने नाही, वेगळा नमुना विणूनच. पायाच्या ओळी दहा-बारावर आणल्या की घोट्याखाली बसणारी स्लिपर तयार. तळाला जाड फेल्ट किंवा जुन्या पर्सचं चामडं कापून शिवा. गुळगुळीत फरशीवर नुसती लोकर घसरते, म्हाताऱ्या माणसांसाठी करत असाल तर तळ लावल्याशिवाय देऊच नका.

गरम पाण्यात आटवून घट्ट नमद्यासारखी स्लिपर हवी असेल तर शंभर टक्के ऊन घ्या आणि वेष्टनावर सुपरवॉश लिहिलेलं नाही ना ते बघा. सुपरवॉश ऊन आटत नाही, ॲक्रिलिक तर नाहीच नाही. आटण्याची लोकर मात्र टाक्यांत आणि ओळींत सारखी आटत नाही, लांबी जास्त कमी होते. म्हणून नमुना विणून तो आटवून मगच माप काढा.